'एन्फोर्स' या क्रियापदाचा कर्ता कोण?

आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी संविधानाचा अभ्यासवर्ग चालतो. बहुतेक मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. हातात इंग्रजी प्रत, शेजारी मराठी प्रत. एका रविवारी कलम १७ चालू असताना एका मुलीने प्रश्न विचारला, "दादा, कलम १७ मध्ये 'एन्फोर्समेंट' आहे आणि तिथे तो गुन्हा आहे. कलम ३२ मध्येही 'एन्फोर्समेंट' आहे आणि तिथे तो आपला हक्क आहे. मग हा शब्द चांगला की वाईट?"

आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. 'संदर्भाप्रमाणे अर्थ बदलतो' असे गुळमुळीत उत्तर दिले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एकच क्रियापद एका कलमात अपराध ठरते आणि दुसऱ्या कलमात संरक्षण, हे कसे? शोध घेताना आम्हाला जे सापडले ते केवळ भाषेपुरते नाही. आपल्या चळवळीच्या शंभर वर्षांचा झगडा या एका शब्दात बसलेला आहे. म्हणून हा लेख.

शब्द आला कुठून?

'एन्फोर्स' हा मुळात इंग्रजी शब्दच नाही. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात लॅटिनचा 'फॉर्टिस' आहे. फॉर्टिस म्हणजे बलवान. फोर्स, फोर्ट, एफर्ट ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्यामागून राजदरबाराची आणि न्यायालयांची भाषा म्हणून फ्रेंच आली. कोर्ट, जज, प्रिझन, जस्टिस हे शब्द इंग्रजांना त्यांच्या जेत्यांच्या भाषेतून मिळाले.

आपल्याकडे काय वेगळे झाले? कायदा, हुकूम, फर्मान, फिर्याद, जप्ती हे शब्द राज्यकर्त्यांबरोबर अरबी-फारसीतून आले. एन्फोर्समेंटला आपण 'अंमलबजावणी' म्हणतो, त्यातला 'अंमल'ही अरबीच. हुकूम सोडणाऱ्याची भाषा एक आणि तो झेलणाऱ्याची भाषा दुसरी, हा अनुभव जगभरच्या रयतेचा आहे.

'अंमल' या शब्दाची मराठीत आणखी एक गंमत आहे. अंमल म्हणजे सत्ता आणि अंमल म्हणजे नशासुद्धा. 'पेशव्यांचा अंमल' म्हणतो तसेच 'अंमली पदार्थ' म्हणतो. सत्ता आणि नशा यांना एकच शब्द वापरणाऱ्या आपल्या पूर्वजांना दोन्हींचा पुरेसा अनुभव असावा!

एन्फोर्सचा जुना अर्थ मात्र नुसता दडपण्याचा नव्हता. बळकट करणे, जोर देणे असाही होता. तो अर्थ आज 'रीइन्फोर्स' या शब्दात शिल्लक आहे आणि आपल्या वस्तीतल्या सेंट्रिंगवाल्याला तो रोज भेटतो. 'आरसीसी'मधला पहिला 'आर' म्हणजे रीइन्फोर्स्ड. नुसते काँक्रीट दाब सोसते, पण ताण आला की तडकते. तो ताण आतली सळई घेते. कायद्याचेही तसेच आहे. कलमे, परिपत्रके, जीआर हे काँक्रीट आणि अंमलबजावणी ही सळई. सळई न घालता ओतलेला स्लॅब वरून छान गुळगुळीत दिसतो. कोसळतो तेव्हा खाली कोण असते, हे आम्ही सांगायला नको.

माणसावर फोर्स, नियमाची एन्फोर्समेंट

परीक्षा देणाऱ्या मित्रांनी एक फरक पक्का लक्षात ठेवावा. 'फोर्स'चे कर्म माणूस असतो: एखाद्याला फोर्स केले, म्हणजे त्याच्या मनाविरुद्ध त्याला काही करायला लावले. 'एन्फोर्स'चे कर्म बहुधा माणूस नसतो, नियम असतो: कायदा, करार, बंदी, हक्क. सक्ती शेवटी माणसावरच होते, पण ती नियमाच्या नावाने होते. म्हणून फोर्स करणारा गुंड ठरतो आणि एन्फोर्स करणारा साहेब ठरतो.

हा भेद कधीकधी आपोआप उघडा पडतो. आपली वर्तमानपत्रे 'ईडी'ला 'सक्तवसुली संचालनालय' म्हणतात. मूळ नावात सक्तीही नाही आणि वसुलीही नाही, आहे फक्त एन्फोर्समेंट. ज्याने कोणी हे मराठी नाव रूढ केले त्याने शब्दाचा मुखवटा काढून आतले बळ दाखवले.

आता कलम १७ कडे वळू. संविधान सभेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. अस्पृश्यता नष्ट केली, एवढेच ते म्हणत नाही. अस्पृश्यतेतून येणारी कोणतीही बंधने 'एन्फोर्स' करणे हा गुन्हा आहे, असे ते म्हणते. इथे 'लादणे' हा मराठी शब्द चपखल आहे, कारण लादतात ते ओझे, आणि तेही ज्याला विचारायची गरज नाही अशा जनावराच्या पाठीवर.

या कलमात एक मोठी कबुली आहे. अस्पृश्यता ही कोणाच्या मनातली किळस किंवा गैरसमज नाही. ती एक अंमलबजावणी आहे. तिला नियम आहेत, शिक्षा आहेत, पहारेकरी आहेत. म्हणजे या देशात कायद्याच्या आधीपासून दुसरे एक राज्य चालू आहे आणि त्याचा अंमल कधीच ढिला पडलेला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच क्रियापद याच अर्थाने वापरले आहे. चातुर्वर्ण्य स्वतःच्या चांगुलपणावर टिकू शकत नाही, ते दंडाच्या जोरावरच टिकवावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुरावा म्हणून त्यांनी शंबूकाची कथा दिली. तप करणाऱ्या शूद्राला ठार मारल्याशिवाय वर्णव्यवस्था टिकत नसेल, तर ती नैसर्गिक कशी? पाण्याने उताराकडे वाहावे म्हणून कोणी कोतवाल नेमत नाही. जिथे पहारा लागतो तिथे काहीतरी बळजबरीने अडवलेले असते.

जातीला पोलीस ठाणे लागत नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका गावात आपल्या पोरांनी भीमजयंतीची मिरवणूक प्रथमच मुख्य रस्त्याने नेली. मारामारी झाली नाही, दगड पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली एक आई पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन गेली तर "पट्टा तुटलाय" असे उत्तर मिळाले. किराणा दुकानात साखर 'संपली' होती, तेल 'यायचे' होते. दुधाची गाडी वस्तीकडे वळली नाही. दुपारपर्यंत शेतावरच्या बायकांना "उद्यापासून नको" असा निरोप आला.

विचार करा मित्रांनो, हा आदेश कोणी काढला? ठराव नाही, दवंडी नाही, सही नाही, शिक्का नाही. तरीही एका दिवसात गिरणीपासून शेतापर्यंत शंभर टक्के अंमलबजावणी! कोणत्याही सरकारी योजनेला असा वेग कधी मिळाला आहे काय?

आम्ही त्या कुटुंबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज ठेवून घेतला गेला. "चौकशी केली जाईल. तथ्य आढळल्यास योग्य ती कारवाई केली जाईल." बाहेर आल्यावर त्याच आईने आम्हाला विचारले, "केली जाईल म्हणजे कोण करील?"

जे व्याकरण आम्ही अभ्यासवर्गात समजावू शकलो नव्हतो, ते तिने एका प्रश्नात समजावले. शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो. 'केली जाईल', 'घेतली जाईल', 'बघितले जाईल'. या प्रयोगात कर्त्याला गायब होता येते. सरकारी मराठी याच प्रयोगात श्वास घेते. जातीच्या अंमलबजावणीत मात्र कर्ता कधीच गायब नसतो. गिरणीवाला कर्ता आहे, दुकानदार कर्ता आहे, दूधवाला कर्ता आहे. प्रत्येकाला आपले काम न सांगता माहीत आहे. दोन अंमलबजावण्यांमधला खरा फरक हा आहे. जातीच्या क्रियापदाला हजार कर्ते आहेत आणि कायद्याच्या क्रियापदाला एकही सापडत नाही.

महाडला काय घडले?

चवदार तळ्याचा इतिहास या नजरेने पुन्हा वाचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. सरकारने खात्यांना तसे आदेश दिले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव होता, आदेश होता, कागद सगळा चोख होता. तळ्यावर मात्र एकही अस्पृश्य पाणी भरू शकत नव्हता. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा दुसरा ठराव आणावा लागला: जी नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचे अनुदान रोखावे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. आपण याला हक्काची मागणी म्हणतो. आमच्या मते तो शब्द अपुरा आहे. कागदावर हक्क आधीच मिळालेला होता. त्या दिवशी घडली ती अंमलबजावणी. साडेतीन वर्षे कर्त्यावाचून पडून राहिलेल्या क्रियापदाला त्या दिवशी कर्ता मिळाला, आणि तो कर्ता आपली आजी-पणजी होती.

पुढे काय झाले तेही पाहा. त्याच दिवशी मंडपात आणि रस्त्यात आपल्या लोकांवर हल्ले झाले. मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सनातनी मंडळी कोर्टात गेली आणि दोन-चार दिवसांत त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. आपल्या बाजूचा ठराव साडेतीन वर्षे हलला नाही आणि आपल्याविरुद्धचा हुकूम आठवड्याच्या आत हजर! आपला दावा मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघायला मार्च १९३७ उजाडला.

मराठीने इथे इंग्रजीवर मात केली आहे असे आम्हाला वाटते. इंग्रजीत हक्क वापरणे वेगळे आणि हक्क एन्फोर्स करणे वेगळे. मराठीत दोन्हींना 'बजावणे' चालते. मतदानाचा हक्क आपण स्वतः बजावतो. नोटीस बेलिफ बजावतो. हक्क अमलात आणणारा आणि हक्काचा मालक हे एकच असू शकतात, ही शक्यता आपल्या भाषेने मोकळी ठेवली. महाडने ती खरी करून दाखवली.

कायद्याने कर्ता शोधला, पण...

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये अस्पृश्यता अपराध कायदा आला. १९७६ मध्ये तो दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. तोही कमी पडला म्हणून १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. आमच्या वाचनात या कायद्याचे सर्वांत दुर्लक्षित कलम म्हणजे कलम ४. इतर कलमे अत्याचार करणाऱ्याविषयी बोलतात. कलम ४ कर्तव्य न करणाऱ्याविषयी बोलते. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळत असेल, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. २०१५ च्या दुरुस्तीने ती कर्तव्ये मोजून सांगितली: तोंडी तक्रार लिहून घेणे, सही घेण्याआधी ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, त्याची प्रत तक्रारदाराला लगेच देणे, साठ दिवसांत तपास पुरा करून आरोपपत्र दाखल करणे. म्हणजे 'केली जाईल'मधल्या गायब कर्त्याला या कलमाने कॉलरला धरून समोर उभे केले.

पण पळवाटही तिथेच ठेवली. अशा लोकसेवकावर गुन्हा लावायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस हवी. ज्या घरात चोरी झाली त्या घरची किल्ली पुन्हा चोराच्या भावाकडे!

आणि अंमलबजावणीत हात आखडला की काय होते ते खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आणली आणि जातीचे कलम तेव्हाही लागले नाही. माणसे मेली ही गोष्ट सिद्ध झाली. जातीने मारली ही गोष्ट कागदावरून पुसली गेली.

पुढचा घाव २० मार्च २०१८ रोजी आला. तारीख पुन्हा वाचा. चवदार तळ्याच्या दिवशीच सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील अटकेला वरिष्ठांच्या पूर्वमंजुरीची आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट घालून दिली. कारण काय, तर गैरवापर! २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये आपली माणसे रस्त्यावर आली, काहींनी जीव गमावला. संसदेला ऑगस्टमध्ये कलम १८-अ आणावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरवली. सळई काढून घेऊ दिली नाही, ती रस्त्यावरच्या लोकांनी.

'सक्तीने मने बदलतात का?'

हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. विचारणारे सभ्य असतात. प्रबोधन करा, कायद्याचा बडगा कशाला, असा त्यांचा सूर असतो.

या प्रश्नात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९४३ मध्ये रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनीच सांगितले की हक्कांचे खरे रक्षण समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, आणि अख्खा समाजच हक्काच्या विरोधात उभा राहिला तर कायदा, संसद, न्यायालय कोणीही त्याची हमी देऊ शकत नाही. पण त्याच बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हक्क बजावण्याच्या उपायाचे कलम, म्हणजे आजचे कलम ३२, संविधानाचा आत्मा म्हटले. दोन्ही विधाने एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. विवेक नसेल तर कायदा थकतो. कायदा नसेल तर विवेक जागा होईपर्यंत आमची पोरे जिवंत राहत नाहीत.

शिवाय सक्तीचा एवढा तिटकारा असणाऱ्यांनी आधी गिरणीवाल्याला विचारावे. त्याने दळण नाकारताना कोणते प्रबोधन केले होते? जातीची सक्ती जन्मापासून चालू आहे, ती यांना संस्कृती वाटते. कायद्याची सक्ती पोलीस ठाण्याच्या दारापर्यंतही पोहोचत नाही, ती मात्र जुलूम वाटते.

बळ वाईट की चांगले याचे उत्तर बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखनात जॉन ड्यूईंच्या आधाराने दिले आहे. बळ हे ऊर्जा म्हणूनही वापरता येते आणि हिंसा म्हणूनही. साध्य न्याय्य असेल, बळ मोजके असेल, आणि माणूस नव्हे तर अन्याय मोडायचा असेल, तर ते ऊर्जा ठरते. कलम १७ मधले एन्फोर्स आणि कलम ३२ मधले एन्फोर्स यांत हाच भेद आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे आमचे उशिरा आलेले उत्तर हेच.

हेच उत्तर आपल्या घरातही लागू करायला हवे. आपल्या संघटनांमध्ये 'साहेबांचा आदेश' हा शब्द फार सैल झाला आहे. प्रश्न विचारणारा गद्दार, हिशेब मागणारा फुटीर. मतभेद झालेल्या कार्यकर्त्याच्या घरी लग्नाला जायचे नाही, असे निरोप आपल्याकडेही फिरतात. हा गिरणीवाल्याचाच धंदा आहे, फक्त झेंडा निळा. बावीस प्रतिज्ञा कोणावर एन्फोर्स करता येत नाहीत, त्या स्वतः घ्यायच्या असतात. ज्या बुद्धाने स्वतःच्या जागी वारस नेमला नाही, त्याच्या धम्मात अंमल चढलेले पुढारी कशासाठी?

मग करायचे काय?

आम्ही त्या गावाचा अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी सगळा कर्तरी प्रयोगात. 'कारवाई व्हावी' हे खोडले. 'आपण गुन्हा नोंदवावा' असे लिहिले. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचाराचा गुन्हा आहे, हे लिहिले. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हा नियम लिहिला. कलम ४ लिहिले. वर अधिकाऱ्याचे पद, खाली तारीख आणि पोचपावतीची जागा. गुन्हा नोंदवला गेला आणि प्रत हातात पडली.

दुसरे काम आम्ही चालू केले ते दक्षता समित्यांचे. नियमांप्रमाणे जिल्हा समितीची बैठक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून किमान एकदा, आणि राज्य समितीची मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून किमान दोनदा व्हायला हवी. तुमच्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, कोण हजर होते? माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. तीन कॉलम करा: नियम काय, करायचे कोणी, केले का. मधला कॉलम कधीही रिकामा सोडू नका.

त्या गावाचा खटला अजून चालू आहे. वस्तीचे दळण अजूनही शेजारच्या गावातून येते. जिंकलो असे आम्ही म्हणत नाही. फक्त या वर्षी मिरवणूक पुन्हा मुख्य रस्त्याने निघाली, आणि "कोण करील?" असे विचारणारी ती आई सर्वांत पुढे चालत होती.

जयभीम!